जहाजावरचं क्रेडिट आणि घरचं निरंजन

बाळांनो, तुम्ही क्रूझला निघालात आणि जहाजावर खर्चायला मिळालेल्या क्रेडिटचं काय करावं असं विचारलंत, म्हणून हे लिहिते. नव्वदच्या दशकाअखेरीस आम्हालाही ते मिळालं होतं. वापरलं नाही तर बुडणार, म्हणून आजोबांनी मसाज ठरवला. तेवढ्यात मला आठवलं, निघताना देवापुढे निरंजन लावलं होतं. फुंकर मारायची नाही, म्हणून पडद्याजवळ तसंच जळतं सोडलं होतं! सगळं क्रेडिट जहाजावरच्या फोनला घालून नेरूळच्या शेजारणीला गाठलं. किल्ली तिच्याकडे होती.

"काकू, तुमी गेल्यागेल्या मी आले. दिवा शांत होईस्तोवर तिथंच बसले. टेन्शन नको, फोन ठेवा, बिल चढतंय!"

त्या संध्याकाळी आजोबांचे पाय मीच दाबले. ते निरंजन अजून माझ्या देवघरात आहे.