आत चूक, बाहेर दोनशे

ऑफिसात त्याला ‘आलबेल’ म्हणत. काम कुठवर आलं असं कधीही विचारा, हा म्हणणार, "सगळं आलबेल." वीस वर्षं जावामध्ये कोड लिहूनही स्वतःला प्रोग्रामर म्हणवून घेताना त्याची जीभ अडखळे. आपण फार तर चुकांवर पांघरूण घालणारा माणूस, असं तो स्वतःच सांगे. लोक हसत, पण ते अक्षरशः खरं होतं.

इस्पितळाच्या वेळा नोंदवणाऱ्या ॲपची सर्व्हरकडची बाजू त्याच्याकडे होती. तिथे काही बिघडलं की खालचं तयार फ्रेमवर्क ब्राउझरसाठीचं, एचटीएमएलचं लांबलचक पान पाठवून देई आणि ते वाचता न आल्याने ॲप बंद पडे. ॲप लिहिणारी बाई वैतागली. "चूक झाली तर झाली, पण मला ती जेसनमध्ये पाठवा हो, ॲपला तेवढाच साचा वाचता येतो." मग याने एका दुपारी सगळ्या चुका एका जागी पकडल्या आणि त्यांना जेसनचे धुतलेले कपडे चढवले. आत संदेश लिहिला, ‘नोंद झाली नाही.’ फक्त पाचशे हा बिघाडाचा क्रमांक पाठवायला त्याचं मन धजेना. उगाच कशाला कुणाला घाबरवा? त्याने दोनशे पाठवला. दोनशे म्हणजे सगळं ठीक. ॲप बिचारं क्रमांक तेवढा बघे, आतला संदेश उघडतही नसे, आणि हिरवी खूण दाखवून मोकळं होई.

तशीच एक हिरवी खूण त्याच्याच फोनवर उमटली.

वडिलांना कमी ऐकू येतं हे वडील सोडून सगळ्या घराला माहीत होतं. "माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ताईने तीन वर्षं डोकेफोड केली तेव्हा कुठे ते तपासणीला राजी झाले, तेही "एकदाच येईन, पुन्हा नाव काढायचं नाही" या अटीवर. वेळ घेण्याचं काम तिने मोठ्या विश्वासाने भावाकडे दिलं होतं.

मंगळवारी तिघं इस्पितळात पोचले. खिडकीतल्या बाईने यादी दोनदा चाळली. नाव नव्हतं. याने हिरवी खूण पुढे केली.

"ते ॲपचं मला दाखवू नका," ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही चौथे. नवी वेळ इस्पितळाला फोन करूनच घ्या."

वडिलांना फक्त तिची मान हललेली दिसली. तेवढं पुरे होतं. "आलो होतो. झालं," म्हणत ते दाराकडे निघाले.

"कुठल्या गाढवाने बनवलंय हे?" ताई कडाडली.

गाढव तिच्या शेजारीच उभं होतं. सर्व्हर बंद होता, नेट गेलं होतं, अशी तीन-चार उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती. पण वडील दारापर्यंत गेले होते आणि ते एकदा बाहेर पडले की पुन्हा येणार नव्हते. तो धावत गेला.

"बाबा, चूक माझी आहे."

"काय?"

"चूक माझी," तो ओरडला. "ते मीच लिहिलंय. नोंद झाली नव्हती, तरी झाली म्हणून सांगितलं."

बाकांवरची सगळी मंडळी वळून बघू लागली. त्यातले तिघं बहुधा सकाळपासूनचे होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 वडील परत फिरले आणि जवळच्या बाकावर बसले.

"लाव फोन," ते म्हणाले. "तूच बोल. मला फोनवर ऐकू येत नाही."