मिक्सरमधल्या टिकल्या

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. टाळायला निमित्तं भरपूर मिळाली: आधी नोकरी, मग घराचं बांधकाम, मग मोतीबिंदू. आता निमित्तं संपली आहेत आणि डोळ्यांनाही बरं दिसतं, म्हणून लिहितो. केलगेरीच्या बाजूला आमची कॉलनी आहे. तिथं मला ‘रिपेअरीवाले सर’ म्हणतात. खरं असं आहे की मला फ्यूजची तारसुद्धा घालता येत नाही.

मी धारवाडात हायस्कुलात भूगोल शिकवला. मोसमी वारे कुठून येतात, कुठं वळतात, हे मी झोपेतही सांगेन. टेबलफॅनचा वारा थांबला की मात्र मी हाक मारायचो, ‘अगं, बघ गं जरा.’ आणि ती बघायची. माझी बायको अळणावरची. तिच्या वडिलांची लाकूड कापायची गिरणी होती. पट्टे, मोटारी, करवती यांच्यातच ती वाढली. मोटारीचा आवाज ऐकूनच ती सांगायची की हिला दुखणं आहे की नुसता रुसवा आहे. तिच्याकडे वडिलांचा एक जुना पेचकस होता, लाकडी मुठीचा. तो ती पोळपाट-लाटण्याशेजारी ठेवायची.

खोटं सुरू झालं ते चार शब्दांनी. शेजारच्या वहिनींचा मिक्सर बंद पडला होता. आमच्या हिनं तो स्वयंपाकघरात बसून दहा मिनिटांत चालू केला. मी तो नुसता उचलून बाहेर आणला.

‘अय्या, सरांनी केला?’ वहिनी म्हणाल्या.

‘त्यात काय एवढं मोठं,’ मी म्हणालो.

बायको पडद्यामागं पेचकस हातात घेऊन उभी होती. तिला हसू आलं. मलाही आलं. त्या दिवशी ते खरंच गमतीचं होतं.

मग इस्त्र्या आल्या, कुकर आले, शिलाई मशीन आलं, कुणाच्या तरी देवघरातलं फिरणाऱ्या दिव्यांचं चक्र आलं. लोक सकाळी वस्तू ठेवून जात. मी गंभीरपणे म्हणायचो, ‘ठेवा, संध्याकाळी बघतो.’ दुपारी ती दुरुस्त करायची. संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी सायकलच्या चेनवर बोटं फिरवून काळी करून घ्यायचो.

‘अहो, इस्त्रीत ग्रीस नसतं,’ ती म्हणाली.

‘त्यांना कुठं ठाऊक?’

‘बायकांना ठाऊक असतं. पुरुषांना नसतं.’

पण बायका काही बोलल्या नाहीत. त्यांच्या इस्त्र्या चालत होत्या.

अशाच एका दुपारी तिनं विचारलं, ‘फाटकाला एक पाटी लावू या का? लहानशीच. घरगुती वस्तूंची दुरुस्ती, आणि खाली माझं नाव.’

मी वर्तमानपत्र खाली न करता म्हणालो, ‘लोक हसतील. मास्तरांची बायको मिक्सर दुरुस्त करते म्हणतील.’

‘करतेच की.’

‘ते आपल्याला ठाऊक आहे. पाटी कशाला?’

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. तिच्या मनात काय होतं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. न कळल्याचं सोंग मी पुढं कायम ठेवलं.

आता पंपाची गोष्ट. कॉलनीच्या टाकीचा पंप फिरत होता, पण पाणी चढवत नव्हता. सेक्रेटरी, म्हणजे आमच्या कॉलनी संघाचे, निवृत्त बँक अधिकारी, स्वतः मला बोलवायला आले. पंपाभोवती अकरा पुरुष उभे होते. प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि कुणाच्याही हातात पाना नव्हता. मी निघताना बायकोशी ठरवलं: तिनं चहा घेऊन यायचं आणि जिथं खोलायचं असेल तिथं माझा पेला ठेवायचा.

तिला चहाला उकळी यायला उशीर झाला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी गिरमिटाची, म्हणजे आमच्याकडच्या मसालेदार चुरमुऱ्यांची, बशी घेऊन आल्या. ‘घ्या सर, काम करता करता,’ म्हणून त्यांनी बशी वर जाणाऱ्या पाइपच्या जोडावर टेकवली. मी बशीला खूण समजलो. बशी सेक्रेटरींच्या हातात दिली, पाना लावला आणि जोड सोडला.

वरच्या पाइपात साठलेलं सगळं पाणी एकदम बाहेर आलं. सेक्रेटरी नखशिखान्त भिजले. गिरमिट वाहून गेलं. मला वाटलं, संपलं आता, बोलूनच टाकावं. एवढ्यात चष्मा पुसत सेक्रेटरी कानडी हेलात ओरडले, ‘हवा! हवा अडकली होती री! सरांनी बरोब्बर काढली!’

अकरा जणांनी माना हलवल्या. ज्यांना हवेचा पहिल्यापासून संशय होता असे त्यात सात निघाले.

मग माझी बायको चहा घेऊन आली. तिनं ओल्या पुरुषांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला पंपाच्या डोक्यावरच्या बुचावर ठेवला. मी जोड आवळला, बूच काढलं. ती हळूच म्हणाली, ‘आत पाणी भरा. काठोकाठ.’ मी भरलं. पंप चालू केला. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत माझा सत्कार ठरला. सपत्नीक. मला शाल, नारळ आणि पेटीबंद पेचकसांचा संच. तिला ब्लाउजपीस आणि ओटी. सेक्रेटरी भाषण करायला उभे राहिले आणि माइक बंद पडला. सगळा मंडप माझ्याकडे बघू लागला. मी शाल सावरत माइककडे गेलो आणि त्याला थोपटलं, आजारी वासराला थोपटावं तसं. बायको ओटीचे तांदूळ सावरत उठली, ‘यांचा चष्मा राहिला’ म्हणून माझ्याजवळ आली, आणि वायरीची पिन जराशी फिरवून आत दाबली. माइक घोगऱ्या आवाजात जागा झाला.

‘बघा,’ सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, ‘सरांचा हात लागला की झालं! आणि अक्कांचं कौतुक अशासाठी, की सर काम करत असताना त्यांनी कधी चहाला उशीर केला नाही!’

टाळ्या झाल्या. मग माझ्या हातात माइक आला. त्या माइकवर मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, ‘हात मुळातच असावा लागतो.’ आणि पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर तिनं पेचकसांची ती पेटी माझ्यापुढं ठेवली. वडिलांचा पेचकस उचलून आपल्या कपाटात ठेवला. म्हणाली, ‘सत्कार तुमचा झाला. आता कामही तुम्हीच करा.’ चिडलेली नव्हती. चिडली असती तर मी समजूत काढली असती.

वस्तू मात्र येतच राहिल्या. आठवड्याभरात आमच्या दिवाणखान्यात चार मिक्सर, दोन पंखे आणि एक पीठ मळायचं यंत्र जमलं. मी रोज ‘उद्या’ म्हणायचो. शेवटी मी एक उपाय काढला. मिक्सर कापडी पिशवीत घालायचा, वर कोथिंबिरीची जुडी ठेवायची, आणि बसनं हुबळीला विद्यानगरात एका दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा. धारवाडातल्या दुकानात कुणीतरी पाहिलं असतं. बसमध्ये ओळखीचे भेटले की म्हणायचो, ‘मंडईत.’ धारवाडची कोथिंबीर घेऊन हुबळीच्या मंडईला जाणारा माणूस मीच एकटा असेन.

एकदा आमच्या घरचाच मिक्सर नेला. दुकानदार माझ्याच वयाचा होता, भिंगाचा चष्मा लावून काम करायचा. त्यानं तळाचं झाकण काढलं आणि थांबला. आतल्या प्रत्येक वायरीला एकेक टिकली चिकटवलेली होती. लाल, हिरवी, निळी, काळी. कुठली वायर कुठं जाते ते चुकू नये म्हणून. जोडांवर शिवणाचा दोरा इतका नेमका गुंडाळलेला, जणू काजं केली आहेत.

‘इद यार माड्यार री?’ त्यानं विचारलं. हे कुणी केलं?

तिथं कॉलनीतलं कुणी नव्हतं. सेक्रेटरी नव्हते. मला कुणाचंही भय नव्हतं.

‘मीच,’ मी म्हणालो.

त्यानं एक टिकली नखानं हलकेच दाबून पाहिली. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘घरात दुसरं काही सापडलं नाही.’

‘कै भाळ चलो ऐती,’ तो म्हणाला, हात फार चांगला आहे. मग मराठीत, ‘सर, माझी नजर गेली हो. दुपारी येऊन बसत जा इथं. असं काम करणारं माणूस मी शोधतोय. बाहेरच्या पाटीवर तुमचंही नाव घालू.’

पाटी. तो पाटीच म्हणाला.

मी वयाचं कारण सांगितलं. त्यानं मोटारीतले झिजलेले कार्बन बदलून दिले, आणि मी मिक्सर पिशवीत घातला. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की दारातून आत गेल्या गेल्या सांगायचं. वाटेतल्या नवलूरपर्यंत वाक्य तयार झालं होतं.

घरी ती ओट्याशी उभी होती. पाठ न वळवता तिनं विचारलं, ‘त्यानं आतलं बघितलं का?’

‘बघितलं.’

‘काही म्हणाला?’

‘कार्बन गेले होते, म्हणाला.’

तिनं गॅस बारीक केला. आणखी काही येईल म्हणून. मग तिनं पिशवीतली कोथिंबीर घेतली आणि निवडायला बसली. कोथिंबीर कोमेजली होती.

दोन वर्षांनी ती दवाखान्यात होती. शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं कमी झालं होतं. वरचा पंखा हळू फिरायचा आणि ती त्याच्याकडे बघत पडायची. एका दुपारी म्हणाली, ‘याचा कपॅसिटर गेलाय. कुणाला तरी सांगा.’ मी सांगितलं. एक तरुण आला, त्यानं कपॅसिटर बदलला, आणि पंखा जोरात फिरू लागला. जाताना मला म्हणाला, ‘बरोबर ओळखलंत काका.’

मी मान हलवली. सवयीनं.

तो गेल्यावर मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. म्हणालो, ‘अगं, तो हुबळीचा दुकानदार आठवतो? आपला मिक्सर नेला होता बघ.’

तिनं डोळे उघडले. ‘कार्बन नीट घातले होते ना त्यानं?’

‘घातले होते.’

‘मग झालं,’ म्हणाली, आणि डोळे मिटले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. उठल्यावर बोलू, म्हणून मी पंख्याखाली बसून राहिलो. संध्याकाळपासून तिला शुद्ध राहिली नाही.

ते वाक्य असं होतं: अगं, त्यानं विचारलं की हा हात कुणाचा, आणि मी माझा म्हणालो, तुझं नाव पाटीवर घालायला तो तयार होता, माझं चुकलं.