अर्ज मागे घे

माझा हात आधी चालतो आणि अक्कल मागून बैलगाडीने येते, असं माझी आई म्हणायची. तिचं म्हणणं मी दुबईत जाऊन खरं करून दाखवलं. ही गोष्ट आजवर कुणाला पुरती सांगितली नाही, कारण तिच्यात मी वाईट दिसतो. दिसतो काय, होतोच.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. रास अल खोरला दारं-खिडक्या बनवायच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एकाच गावचे आठ जण होतो, सगळे कोकणातले. वर्कशॉपमागे पत्र्याची खोली आणि तीत लोखंडी दुमजली खाटा. वरच्या खाटेवर मी, खालच्यावर मेस्त्री. तो जातिवंत सुतार, लाकडावरून नुसता अंगठा फिरवून रंधा कुठे कमी पडलाय ते सांगायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो. मी पॉलिशवाला, म्हणजे त्याने बनवलेलं दार शेवटी माझ्याच हातात यायचं.

गावाला सरपंच एकच, अण्णा. आम्ही शेंबडी पोरं होतो तेव्हापासून तेच. त्यांच्या वॉर्डात त्यांच्यासमोर कुणी अर्ज भरायचा नाही, असा रिवाजच पडून गेलेला. निवडणूक आली की देवळात नारळ फुटायचा, अण्णा बिनविरोध यायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा चुलत्यांनी पाठ फिरवली, पण अण्णा मला हाताला धरून मुंबईला एजंटच्या दारात घेऊन गेले. त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तरी माझं टाळकं सरकायचं.

एका गुरुवारी आमच्यातला एक जण सुट्टीवरून परत आला. बॅगेत कोकमं, सुकट, आणि एक कॅसेट. तेव्हा घरचे लोक पत्राऐवजी बोलून पाठवायचे, कुणाची बायको, कुणाची आई. ही कॅसेट मात्र अण्णांची निघाली. शुक्रवारी जेवणं झाल्यावर टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून आम्ही सगळे भोवती बसलो.

"पोरांनो, सुखी आहात ना?" अण्णांचा तोच मऊ आवाज. "मेस्त्रीच्या बायकोने माझ्यासमोर अर्ज भरलाय. बाईमाणसाशी मी काय तोंड लावणार? नवऱ्याने सांगितलं तर ऐकेल. सोमवारपर्यंत मागे घेता येतो." मग माझं नाव घेऊन म्हणाले, "तू जरा लक्ष घाल रे."

सगळ्यांनी मेस्त्रीकडे बघितलं. तो शांतपणे ताट विसळत होता.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मीच भर म्हटलं तिला."

"डोकं फिरलंय काय तुझं?"

"नळ अण्णांच्या गोठ्यापर्यंत आला. त्यांचे बैल नळाचं पाणी पितात आणि माझ्या बायकोने घाटी उतरून विहिरीवर जायचं. सातवा महिना होता तिला. कळशीसकट पडली. माझं पोर त्या घाटीत गेलं, विसरलास?"

विसरलो नव्हतो. पण त्या वेळी मला पोर दिसलं नाही, अण्णांचा अपमान दिसला, आणि तो मी सात जणांसमोर निमूट ऐकून घेतोय हे दिसलं. मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत दिली. ताट लांब उडालं. तो उठायच्या आत त्याची मान धरून डोकं खाटेच्या लोखंडी पायावर आपटलं, एकदा, दोनदा. भुवई फुटली. "फोन कर! आत्ताच्या आत्ता फोन कर! तिला सांग, अर्ज मागे घे!" कुणी मध्ये पडलं नाही. दोघांनी तर त्याचे पाय धरले, तो लाथ मारू नये म्हणून.

शेवटी तो म्हणाला, "चल. करतो."

मी त्याला शर्टाच्या कॉलरला धरून रस्त्यापलीकडच्या फोनबूथवर नेलं. भर दुपार. गोदामं बंद, चिटपाखरू नाही, फक्त बाजूच्या गोदामाचा पठाण वॉचमन सावलीला बसलेला. तीस दिरहमचं नवं कार्ड मी माझ्या खिशातून काढलं. साडेतीनशे रुपये झाले की, असं मनात आलं, आणि त्यानेही राग वाढला. गावात फोन एकाच दुकानात. दुकानदाराला सांगितलं, बाईला बोलावून ठेव. पंधरा मिनिटं आम्ही दोघे त्या भट्टीसारख्या बूथच्या दाराशी उभे राहिलो. त्याच्या भुवईचं रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. मी त्याला पुसायला रुमालसुद्धा दिला नाही.

पुन्हा फोन लावला. वहिनी धावत आल्या असणार, त्यांचा दम लागलेला मला बाहेरून ऐकू येत होता.

"बरा आहे मी," मेस्त्री म्हणाला. "जेवलीस? ऐक. अर्जाचं सांगायचं होतं." त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून. "मागे घेऊ नकोस. माझं काही झालं तरी घेऊ नकोस."

मी दार खेचलं. जाड लोखंडी चौकटीचं दार ते. त्याचा उजवा हात चौकटीवर टेकलेला होता. मला दिसला होता. आजही मी स्वतःला सांगून बघतो की दिसला नव्हता, पण दिसला होता. पहिल्यांदा आपटलं तेव्हा तो ओरडला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आवाजच फुटला नाही, नुसता खाली बसला. सुतार तो, आणि मी त्याच्या हातावर दार आपटत होतो!

फोन वायरीला लोंबकळत होता आणि त्यातून वहिनी ओरडत होत्या, "अहो! अहो, काय झालं?"

मी फोन उचलला. एरवी त्यांना अहो-जाहो करणारा मी एकेरीवर आलो. "अर्ज मागे घे! नाहीतर गावी येऊन तुझं घर पेटवीन. तुझ्यासकट!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "भावोजी? तुम्ही?"

मी फोन आपटला.

तोवर पठाणाने पोलिसांना बोलावलं होतं. गाडी आली. तिथला कायदा सगळ्यांना पाठ होता. मारामारी, रक्त, की आधी तुरुंग आणि मग व्हिसा खलास. चार दिवसांत विमानात बसवतात आणि परत कधी येऊ देत नाहीत. माझ्या दोन मुली शाळेत होत्या, घराचं जोतं नुकतंच बांधून झालं होतं. सगळं आता मेस्त्रीच्या जिभेवर होतं.

पोलिसाने अरबीत विचारलं, पठाणाने हिंदीत. "किसने मारा?"

मेस्त्री फूटपाथवर बसला होता. हात शर्टात गुंडाळलेला, शर्ट लाल झालेला. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"कोई नहीं," तो म्हणाला. "दरवाजा हवा से बंद हो गया."

झाडाचं पान हलत नव्हतं त्या दिवशी. पोलिसाने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, माझ्याकडे बोट दाखवून. मेस्त्रीचं उत्तर तेच. त्यांनी त्याला इस्पितळात नेलं आणि मी बूथला टेकून लहान पोरासारखा रडलो. वाचलो म्हणून रडलो, दुसरं काही नाही.

त्याची दोन बोटं काढावी लागली. मशीनवर उभं राहणं संपलं. कंपनीने त्याला हाकललं नाही, उपकारच म्हणायचे, पण झाडू हातात दिला. जो माणूस दारं घडवायचा तो आता दारांचा भुसा गोळा करायला लागला. माझी खाट त्याच्या वरचीच राहिली. त्याने ती बदलून मागितली नाही आणि मीही नाही.

वहिनींनी अर्ज मागे घेतला नाही. गावात त्यांच्या दारावर शेण मारलं, गवताची उडवी पेटवली, त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या एका बाईला तिच्याच दिराने काठीने झोडपलं. तरी त्या घरोघर फिरल्या, पदर खोचून, एकट्या. अण्णा निवडून आले, थोडक्या मतांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मतं मागायला उंबरे झिजवावे लागले. ती बातमी आली तेव्हा खोलीत मिठाई वाटली. मी एक तुकडा तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकला.

मेस्त्रीने मला वाचवलं, हे मात्र मी उराशी धरून होतो. मी इतका नीच वागलो तरी त्याने मैत्री मोडली नाही, माझ्या मुलींच्या तोंडाकडे बघितलं, केवढं मोठं मन! चारचौघांत मी हे सांगायचो, डोळ्यांत पाणी आणून. त्याला मात्र कधी विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी एका शुक्रवारी खोलीत आम्ही दोघेच होतो. तो डाव्या हाताने कांदा चिरत होता, जमत नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"मेस्त्री, त्या दिवशी पोलिसाला माझं नाव का नाही सांगितलंस?"

त्याने मान वर केली नाही.

"सांगितलं असतं तर चार दिवसांत त्यांनी तुला गावी पाठवलं असतं," तो म्हणाला. "तिथे माझी बायको एकटी होती."