रशीदने न ऐकलेले फोन

रशीद गेल्याचं मला फोनवर कळलं. त्याच्या मुलीचा, परवीनचा फोन होता. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. उभ्या गावाला फोन लावून देणारा माणूस, त्याचीच खबर अशी यावी! महिना उलटला, तरी सकाळी दुकान उघडताना माझी मान शेजारी वळतेच.

घोडेगावच्या स्टँडसमोर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. नव्वदच्या दशकात जुन्नरहून आलेल्या रशीदनं शेजारच्या गाळ्यात एसटीडी बूथ टाकला. काचेची केबिन, पिवळी पाटी आणि एक रेडिओ. डोंगरातून एसटीनं उतरणारी माणसं केबिनमध्ये शिरली की ओरडून बोलत. मुंबई लांब, तर आवाजही तेवढा मोठा पाहिजे, असा साधा हिशोब. सगळं घरगुती बोलणं काचेतून बाहेर येई. रशीद लगेच रेडिओ मोठा करी, आतला माणूस आणखी ओरडे, हा रेडिओचा कान आणखी पिळी. माझी दुपारची डुलकी गेली ती कायमची. एकदा भांडलोच, तर म्हणाला, "भाऊ, त्याच्या घरातलं त्याच्यापाशी. तुमच्या झोपंपायी त्याची अब्रू रस्त्यावर आणू व्हय?" खरं सांगतो, मला राग झोपेचा नव्हता, ऐकायला मिळत नाही याचा होता. नसत्या चौकशा करण्याची माझी खोड बायकोला विचारा.

त्या सुमारास धरणात शेतं गेलेली वरची माणसं पुनर्वसनासाठी एकत्र येऊ लागली होती. तळेघरकडचा कोंडाजी त्यांच्यात बोलका. बाजारच्या दिवशी तो खाली उतरायचा आणि रशीदच्या बूथवरून फोन लावायचा. एका दुपारी साध्या कपड्यातले एक पोलीस साहेब आले. मी तिथंच चहा पीत होतो. "डोंगरातले लोक कुठं फोन लावतात, काय बोलतात, ते आम्हाला कळवत जा. तो कोंडाजी तर खास." रशीद हात जोडून म्हणाला, "साहेब, लेखी द्या. त्याबिगर मला न्हाई जमायचं." साहेब हसले. "बूथचा परवाना सरकारी आहे, विसरू नकोस," म्हणाले आणि गेले.

त्या परवान्यावर चार माणसांची चूल पेटत होती. मी विचारलं, "आता रे?"

"लई भ्या वाटतंय, भाऊ. पण आज मी कोंडाजीचं सांगितलं, तर उद्या दवाखान्यात फोन लावायला बी माणूस बिचकंल. मग ह्या काचंचा उपयोग काय?"

पुढच्याच आठवड्यात त्याची लाइन बंद पडली. का, ते कुणी सांगेना. रशीद मुका फोन पुढ्यात घेऊन बसायचा आणि उगाच काच पुसायचा. मला बघवत नसे. मग एका सकाळी डोंगरातली एसटी आली ती खच्चून भरलेली. कोंडाजीमागून बायाबापड्या थेट टेलिफोनच्या ऑफिसात शिरल्या. साहेबांचं नाव नाही, धरणाचा विषय नाही. एकेक जण पुढं होई आणि म्हणे, "माझं पोरगं ममईला हाय, मी त्येच्याशी बोलू कसं?" दिवसभर हेच. अधिकारी रडकुंडीला आला. दोन-चार दिवसांत लाइन सुरू झाली, आणि ते साहेब काही पुन्हा फिरकले नाहीत.

पुढं मोबाइल आले, बूथ बसला. रशीदनं कॉम्प्युटर मांडले, तेही स्क्रीनची पाठ रस्त्याकडे करून. इंटरनेटवर त्याला पुनर्वसनाचा कायदा आणि सरकारी निर्णय सापडले. पठ्ठ्यानं ते छापून दारात दोरीला अडकवले, कुणीही वाचा, कुणीही न्या. "फुकट वाटतोस? डोकं फिरलंय का?" मी म्हणालो.

"माणसाचं बोलणं त्याचं एकट्याचं, अन् कायदा समद्यांचा. आपल्याकडं उलटंच चाललंय, भाऊ!"

त्या कागदांच्या जोरावर वरच्या वाडीत काहींना जमिनी मिळाल्या. उरलेले अजून खेटे घालताहेत, पण आता कायदा वाचून घालताहेत. कॉम्प्युटर आता परवीन चालवते.

परवा कोंडाजीबाबा भेटायला आले. पार थकलेत. जुनी केबिन परवीननं हलवलेली नाही. त्या केबिनच्या काचेवरून त्यांनी हात फिरवला. मग म्हणाले, "साहेबाला वाटलं मी मोर्च्याचंच बोलतोय. रशीदभाईनं सोताच्या पोटावर पाय येऊ दिला, पर मी कुणाला फोन करत व्हतो ते कधी इचारलं न्हाई. आता त्यो न्हाई... तुमाला सांगून टाकतो."

ते माझ्याकडे झुकले. इतकी वर्षं मी याच गोष्टीसाठी झुरलो होतो. माझा कान आपोआप पुढं झालाही होता.

"नका सांगू, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे पुसत हसले. परवीननं चहा आणला. मग आम्ही पीकपाण्याचं बोलत बसलो.