न आलेला खो

माझ्या पाठीला हात ओळखता येतात. हसू नका, खरं सांगते. सहा वर्षं खो-खो खेळले मी. चौकात बसायचं, मागून पळत येणारीनं पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं की उठून पळायचं. रोज संध्याकाळी त्याच आठ जणींच्या थापा खाल्ल्या की वळून पाहावं लागत नाही. एकीचा हात कायम घामेजलेला. एकीची नुसती बोटं टोचायची. आणि माझ्या मैत्रिणीचा, म्हणजे आमच्या कर्णधाराचा, अख्खा पंजा पडायचा, त्यातही अंगठा जरा जास्त दाबलेला. तो हात मी झोपेतसुद्धा ओळखला असता. त्याच हातानं माझा केसानं गळा कापला. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं लेक म्हणते. काहून सोडू?

दिल्लीला आशिया खंडातल्या देशांचे मोठे खेळ भरणार होते. त्याआधी एक मशाल शहराशहरांतून पळत जाणार होती आणि ती नागपुरातूनही जाणार होती. शहरातल्या खेळणाऱ्या पोरापोरींनी थोडी थोडी वाट ती हातात धरून पळायची. आमच्या क्रीडा मंडळाच्या वाट्याला एकाच मुलीची जागा आली. संघात नऊ जणी, आणि जागा एक.

तेव्हा मी बारावीला होते. माझे बाबा कन्हानला खाणीत कामाला होते आणि मी शिकायला नागपूरच्या नंदनवन वस्तीत मावशीकडे राहत होते. बारावी झाली की खेळ बंद, शिक्षण बंद, परत घरी यायचं, असं बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मशालीची बातमी कळली त्या रविवारी मी बस धरून कन्हानला गेले. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे पाय, मशाल तुह्या हातात आली तं तू म्हनशीन थ्या कॉलेजात जा. खेळ बी. मंग कोनाले काही बोलू देनार नाही मी. पन नाही आली, तं माह्यं ऐकाचं.”

एवढं बाबांच्या तोंडून निघणं म्हणजे माझ्यासाठी लॉटरीच होती. परत आल्याबरोबर मी पहिल्यांदा हे कोणाला सांगितलं असेल, तर तिला. मैदानाच्या भिंतीवर बसून आम्ही शेंगा फोडत होतो. तिच्या घरी कापडाचं दुकान होतं, तिला कॉलेजात कोणी अडवणार नव्हतं. ती म्हणाली, “टेन्शन काहून घेतेस वं? तुह्या बाबाले मी दाखवतेच. निवडीत मी माझा खो तुलेच देते, तू तुझा मले दे. बाकीच्यांनी ज्याले द्यायचा त्याले देवो.” आणि गळ्याला चिमटा काढून आईची शपथ घेतली. मी म्हटलं नव्हतं घे म्हणून.

आमच्या बाईंना, म्हणजे मंडळात खो-खो शिकवायच्या त्यांना, निवडीसाठी चिठ्ठ्या आवडत नसत. अक्षर ओळखून पोरी भांडतात, म्हणायच्या. हात वर करून तर नकोच. त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती आणि दरवर्षी कर्णधार त्याच रीतीनं निवडला जायचा. मशालीसाठीही तीच रीत ठरली. नऊही जणींनी एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून बसायचं. डोळे मिटून कपाळ गुडघ्यावर. मग एका टोकापासून एकेकीनं उठायचं, सगळ्यांच्या मागून पूर्ण फेरी मारायची आणि जी पसंत असेल तिच्या पाठीवर न बोलता हात ठेवायचा. त्यालाही आम्ही खोच म्हणायचो. स्वतःला देता यायचा नाही. बाई समोर उभं राहून मोजायच्या. बरोबरी झाली तर मान कर्णधाराचा. हे सगळ्यांना पाठ होतं. तिलाही होतं.

मी तिसरी बसले होते, ती सातवी. माझी पाळी आली तेव्हा मी तिच्या पाठीवर हात चांगला दाबून ठेवला. म्हटलं, कळू दे हिला, मी शब्द पाळला. परत येऊन बसले. तोवर मला एक खो आला होता. पुढे आणखी दोन आले. घामेजला हात मला आला तेव्हा मी मनात म्हटलं, देव तुझं भलं करो.

मग सातवी उठली. पावलं माझ्या मागं आली आणि थांबली. खोटं नाही सांगत, थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता मला. मी पाठ ताठ केली. तो अंगठा नेमका कुठे पडणार तेसुद्धा मला ठाऊक होतं.

पावलं पुढं गेली.

मला वाटलं, फेरी पूर्ण करून येताना देईल. ती फेरी पूर्ण करून आली आणि आपल्या जागेवर बसली. नंतर आठवीचा हात आला मला, पण माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

“डोळे उघडा,” बाई म्हणाल्या. आम्हा दोघींना चार-चार. आणि एक खो आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीला, जिला अजून चौकात धड बसताही येत नव्हतं. ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, “ऑं? मले कोनं देला वं?” सगळ्या खो-खो हसल्या. बाईसुद्धा. बरोबरी झाली होती, म्हणून मशाल कर्णधाराला. तिनं येऊन मला मिठी मारली आणि मी भैताड, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

घरी जाईपर्यंत डोक्यात सगळी संगती लागली. मी तिला दिला नसता तर ती तीनवरच राहिली असती. तिनं तो लहान पोरीला न देता मला दिला असता तर मला पाच झाले असते. तिला हे फेरी मारता मारता सुचलं नव्हतं. तिनं ते भिंतीवर शेंगा खातानाच ठरवलं होतं. मी शब्द पाळणार याची तिला पक्की खात्री होती, म्हणून तर तिनं तो मागितला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला नळापाशी गाठलं. “तू माझ्या मागं थांबली होतीस आणि दिला नाहीस.”

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, “म्हणजे तू डोळे उघडून पाहत होतीस? बाईले सांगू काय?”

 डोळे मी उघडले नव्हते हो! पण पाठीनं ओळखलं असं बाईंना कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?

मशाल आली त्या दिवशी बाईंनी मला तिच्या बाजूनं पळायला ठेवलं, तिचा हात भरून आला तर आधार द्यायला. नाही म्हणता आलं नाही. झिरो माइलच्या खांबाच्या अलीकडे रस्त्याकडेला बाबा उभे होते, खाणीतून रजा टाकून आलेले, इस्त्रीचा सदरा घालून. मशाल कोणाच्या हातात आहे ते त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसती मान हलवली.

पुढच्या पोरानं मशाल घेतली, गर्दी त्याच्या मागं गेली. मी फुटपाथवर बसून बुटाची लेस सोडत होते. बाबा रस्ता ओलांडून येत होते, मला न्यायला. तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली. अख्खा पंजा, त्यात अंगठा जास्त दाबलेला.

“खो!” ती म्हणाली आणि हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी उठेन, तिच्या मागं धावेन, आणि झालं गेलं संपेल.

सहा वर्षं त्या हाताला मी उठले होते. त्या दिवशी बसून राहिले. बाबा जवळ आले, “चाल,” म्हणाले, तेव्हा उठले.