काउंटरवरची मुलगी आणि त्रेचाळीस फायली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता मनात पुसट झाली आहेत. जुने सहकारी भेटले की आठवण करून देतात आणि मी मान डोलावतो, पण खरं तर मला काही आठवत नसतं. लातूरचं हे एक प्रकरण मात्र तसं नाही. यात खून नाही, दरोडा नाही. एका खासगी क्लासविरुद्धचा साधा फसवणुकीचा गुन्हा. तरी त्यात कोण काय बोललं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो.

मी तेव्हा लातूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ होती. हजेरी घेऊन खोलीत बसलो आणि ठाणे अंमलदाराने एका मुलीला आत पाठवलं. वय बावीस-तेवीस, राहणार रेणापूर, वडील तिथे शिवणकाम करतात. तिने अर्ज टेबलावर ठेवला आणि मी वाचायला लागलो तशी गप्प उभी राहिली. तक्रारदार सहसा अर्जही देतात आणि वरून तोंडी सांगतही राहतात, त्यामुळे धड वाचून होत नाही आणि ऐकूनही होत नाही. ही थांबली. मी मान वर केली तेव्हाच बोलली.

तिने मेडिकल रिसेप्शनिस्टचा एक वर्षाचा डिप्लोमा केला होता. फी पस्तीस हजार, तीन हप्त्यांत. माहितीपत्रकात शंभर टक्के नोकरीची हमी होती आणि खाली मोठमोठ्या दवाखान्यांची यादी होती. वर्ष संपलं, फीही पूर्ण भरली आणि एके दिवशी क्लासचं शटर बंद झालं. संचालकाचा फोन लागेना.

"फीचं जाऊ द्या साहेब," ती म्हणाली. "माझे ओरिजिनल कागद हायेत त्यांच्याकडं. दहावी-बारावीचे मार्कमेमो, टीसी, सगळं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात सिलेक्शन झालंय माझं. येत्या शनिवारी हजर व्हायचंय. ओरिजिनल दाखवल्याबिगर घेत न्हाईत."

आमच्याकडे ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. फी पूर्ण होईपर्यंत मूळ कागद ठेवून घ्यायचे, म्हणजे पोरगं अर्ध्यातून पळत नाही. आईबाप बिनतक्रार देतात. कागद परत कधी मिळणार, असं कोणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर मला गुन्ह्यापेक्षा त्या कोर्सचंच नवल वाटलं. दवाखान्याच्या काउंटरवर बसायचं, नाव लिहायचं, नंबर द्यायचा. त्यात वर्षभर शिकण्यासारखं काय असतं? मी विचारलं तर तिने सांगायला सुरुवात केली. केस पेपर कसा काढायचा, फायली कशा लावायच्या, संगणकावर बिल, विम्याचे आणि सरकारी योजनेचे अर्ज, आजारांची इंग्रजी नावं, फोनवर कसं बोलायचं.

"आणि पेशंट चिडला तर काय करायचं ते."

"काय करायचं?"

"आधी बसवायचं साहेब. उभा माणूस जास्त चिडतो."

मी तिला अजून बसायला सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सध्या ती लातुरातच एका दवाखान्यात आठ हजारांवर काम करत होती, दहा दहा तास. नांदेडला चौदा मिळणार होते, शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि राहायला खोली. तिच्यासाठी ही मोठी उडी होती. तिच्या वर्गातल्या काही मुली आता कपड्यांच्या दुकानांत होत्या, काही घरी बसल्या होत्या. "सिलेक्शन झालेली मी एकटीच," असं ती म्हणाली. त्यात तोरा नव्हता, काळजीच होती.

गुन्हा दाखल केला. मंगळवारी यादीतल्या तीन दवाखान्यांत मी स्वतः गेलो. क्लासशी करार वगैरे कोणालाच माहीत नव्हता. संचालकाचं भाड्याचं घरही रिकामं. तो काही मोठा पोहोचलेला गुन्हेगार नव्हता, पण भ्यायलेला माणूस सराईतापेक्षा चांगला लपतो, कारण तो कोणाला भेटतच नाही.

बुधवारी सकाळी आमचे जुने हवालदार आले. मूळचे उदगीरकडचे, चालणं सावकाश, पण शहरातला एकही पानवाला त्यांना अनोळखी नव्हता.

"साहेब, खबर हाय. त्याच्या म्हाताऱ्या आईला मूत्रपिंडाचा आजार हाय. दर महिन्याला तिला दवाखान्यात आणतो. स्वतः आत जात न्हाई, मागच्या गल्लीत गाडीत बसून राहतो. मेडिकलवाल्यानं सांगितलं."

"कोणता दवाखाना?"

त्यांनी नाव सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. आमची तक्रारदार मुलगी त्याच दवाखान्याच्या काउंटरवर होती!

अर्ध्या तासात मी तिच्यासमोर होतो. म्हातारीची पुढची तारीख आणि नोंदवलेला मोबाइल नंबर, एवढंच हवं होतं. मी हळू आवाजात विचारलं. तिने रजिस्टरवर हात ठेवला.

"साहेब, पेशंटची माहिती मला सांगता येत न्हाई."

मला वाटलं, तिला कळलं नसेल. "अगं, तुझ्याच कामासाठी आलोय. तुझेच कागद सोडवायचेत ना? म्हणजे ती बाई इथे येते हे तुला माहीत होतं?"

"हाव साहेब. मागच्या महिन्यात आल्या होत्या. सरांचा नंबर पण लिहिलेला हाय."

"मग सोमवारी का नाही बोललीस?"

"इथं जे लिहितो ते बाहेर सांगायचं न्हाई साहेब. सरांनीच शिकवलंय, पहिल्याच तासाला. तुम्ही डॉक्टरसाहेबांना पत्र द्या. ते म्हणले तर मी लगेच काढून देते."

मी वैतागलो, हे कबूल करतो. गणवेशातल्या माणसाला काउंटरवरून परत पाठवलं जायची सवय नसते. ज्या माणसाने फसवलं त्याचाच धडा ही पोरगी सांभाळून बसली होती, तेही स्वतःची नोकरी पणाला लावून. पण ठाण्यात परतून पत्र टाइप करून घेताना वैतागाची जागा कुतूहलाने घेतली. अशी माणसं मला नोकरीत फार भेटलेली नाहीत.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, सही केली आणि मुलीला रजिस्टर आणायला सांगितलं. म्हातारीचा नंबर दुसऱ्याच दिवशी होता, सातवा. जाता जाता मी डॉक्टरांना विचारलं की काउंटरवर घेताना ते डिप्लोमा बघतात का.

"मी कधीच बघत नाही," ते म्हणाले. "आठ दिवस बसवतो. जी पेशंटच्या तोंडाकडे बघून बोलते तिला ठेवतो, आणि जी संगणकाकडे बघून बोलते तिला दुसरं काम देतो. हिला तिसऱ्या दिवशीच ठेवली."

गुरुवारी मी साध्या कपड्यांत रांगेतल्या बाकावर बसलो. मागच्या गल्लीत हवालदार आणि दोन शिपाई होते, त्यातली एक महिला. गाडी आली. म्हातारी हळूहळू आत आली आणि मुलगी उठून काउंटरच्या बाहेर आली. तिने तिला बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, मग माझ्याजवळ येऊन वाकली.

"साहेब, आजींचं तपासून होऊ द्या आधी. आत्ता बाहेर काही झालं तर त्यांचा बीपी वाढतो."

मी हवालदारांना फोन करून थांबायला सांगितलं. दीड तास तिथे बसलो आणि तिचं काम बघत राहिलो. किल्लारीकडचा एक शेतकरी सगळे रिपोर्ट पिशवीत कोंबून आला होता. तिने ते तारखेप्रमाणे लावून दिले. 'फक्त रिपोर्टच दाखवायचाय' म्हणत एक बाई रांग मोडायला बघत होती. तिला दुखावलं नाही आणि पुढेही सोडलं नाही. कोणा पुढाऱ्याचा फोन आला तर 'साहेब, आपला नंबर बारावा लागलाय' असं इतकं गोड सांगितलं की पलीकडच्याला बहुधा मान मिळाल्यासारखंच वाटलं असेल. माझ्या ठाण्यात फिर्यादी आला की पहिलं तोंड ठाणे अंमलदाराचं दिसतं, आणि तो कसा वागतो त्यावर ठाण्याची इज्जत ठरते. दवाखान्याचंही तसंच आहे, हे मला त्या बाकावर कळलं.

म्हातारीची तपासणी झाली. महिला शिपायाने तिला रिक्षाने घरी पोचवलं आणि मुलाला आम्ही गल्लीतून ताब्यात घेतलं.

संचालक पस्तिशीतला, चष्मेवाला, अगदी नेटका माणूस. चौकशीत पहिला तासभर तो एकच वाक्य बोलत होता: "माझ्याकडे काहीच कागद नाहीत." अशा माणसावर आवाज चढवला की तो आणखी आत जातो. मी चहा मागवला आणि त्याला विचारलं, तुमच्या कोर्समध्ये पहिल्या तासाला काय शिकवता?

तो चमकला, पण बोलायला लागला. दहा वर्षं त्याने स्वतः दवाखान्यांच्या काउंटरवर काढली होती. शिकवण्याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. खोटी होती ती नोकरीची हमी आणि दवाखान्यांची यादी. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, चांगल्या मुली तयार केल्या की दवाखाने आपणहून येतील. कोणीच आलं नाही. मग आईबाप विचारायला लागले, जागेचं भाडं थकलं आणि एका दुपारी तो शटर ओढून निघून गेला.

"तुमचा नंबर आम्हाला द्यायला कोणी नकार दिला, माहीत आहे?" मी विचारलं. "तुमची विद्यार्थिनी त्या काउंटरवर असते. तिच्याकडे तुमचा नंबर होता. मी स्वतः मागितला, तिने दिला नाही. पेशंटची माहिती सांगता येत नाही म्हणाली. डॉक्टरांच्या सहीचं पत्र आणायला लावलं."

त्याने चष्मा काढला. पुसून परत लावला.

"रेणापूरची?"

"हो."

"निलंग्याला बहिणीकडे पत्र्याची पेटी आहे," तो म्हणाला. "त्यात सगळ्यांच्या फायली आहेत. तिची हिरवी. मी एकही कागद फाडला नाही साहेब."

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही निलंग्यात होतो. पेटीत त्रेचाळीस फायली निघाल्या. दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला. हिरवी फाइल हातात घेऊन हवालदार माझ्या कानाशी आले.

"साहेब, त्या पोरीचं तेवढं पावती घेऊन देऊन टाकायचं का? परवा जायचंय तिला."

"नाही," मी म्हणालो. "पंचनामा पंचनाम्यासारखाच झाला पाहिजे. सगळं मुद्देमालात."

कायद्याच्या दृष्टीने मी बरोबर होतो. जप्त केलेली वस्तू मुद्देमाल होते आणि मग ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणाला देता येत नाही. पण तसा आदेश मागता येतो, हेही मला माहीत होतं. शुक्रवारी सकाळी आरोपीची कोठडी मागायला आम्ही न्यायालयात गेलोच होतो. त्याच कागदांबरोबर एका फायलीसाठी चार ओळींचा अर्ज जोडला असता तर संध्याकाळपर्यंत आदेश हातात पडला असता.

मी तो जोडला नाही. मला आठवलंच नाही. कारण कोठडी मिळाल्यावर मी पत्रकारांना बोलावलं होतं. आमची ही जुनी खोड आहे. जप्त माल टेबलावर मांडायचा, मागे अधिकाऱ्यांनी ओळीने उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचा. दुपारभर आम्ही त्या त्रेचाळीस फायली सारख्या अंतराने मांडत होतो. हिरवी फाइल मीच मध्यभागी ठेवली. रंग उठून दिसत होता.

पाच वाजता ती आली. टेबलावर तिची फाइल बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाही भरून आलं. तिने हात पुढे केला. मुद्देमाल कारकुनाने तो अडवला.

"कोर्टाची ऑर्डर लागते बाई."

"मग आज मिळत असंल की."

कोर्ट उठलं होतं. दुसरा दिवस चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी, मग रविवार.

तिने आधी कारकुनाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजे साहेब, आधी सरांकडं अडकले होते, आता तुमच्याकडं अडकले."

मी साक्षांकित प्रती आणि ठाण्याचं पत्र दिलं. नांदेडला फोन केला. पलीकडचा व्यवस्थापक नम्र होता, पण त्यालाही नियम होता. शनिवारी ती पहाटेच्या एसटीने गेली आणि संध्याकाळी परत आली. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. मंगळवारी न्यायालयाच्या आदेशाने मी तिची फाइल तिच्या हातात ठेवली. माफी मागितली.

"तुम्ही लई पळापळ केली साहेब," ती म्हणाली. "पण कागद कोर्टातून सुटणार हे गुरुवारीच सांगायचं होतं. मी नांदेडला फोन करून चार दिवस मागून तरी बघितले असते."

पुढे दीडेक वर्षाने तिला नांदेडमध्येच दुसरीकडे काम मिळालं, पगार त्या चौदापेक्षा कमी. ही बातमी हवालदारांनी आणली. मी स्वतः चौकशी करायचं धाडस केलं नव्हतं.

आता ओळखीचे लोक विचारतात, मुलीला हा कोर्स लावू का? मी सांगतो, लावा, काम चांगलं आहे आणि वाटतं तितकं सोपं नाही. पण फी भरण्याआधी दोन-चार दवाखान्यांच्या काउंटरवरच्या मुलींना त्यांचा पगार विचारा, कोर्स करून आलेली त्यातली कोण ते विचारा, हमीचा कागद कोणाच्या सहीचा आहे ते बघा. आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. त्यानंतरच्या प्रत्येक जप्तीत, कोणाचा कागद कोणत्या तारखेला लागणार आहे, हे मी पंचनाम्याच्या आधी विचारत गेलो.

त्या प्रकरणात मला वरिष्ठांकडून प्रशंसापत्र मिळालं. संचालकावर दोषारोपपत्र गेलं, त्याने काय केलं ते कलमवार लिहिलं गेलं. त्या मुलीची नांदेडची जागा कोणामुळे गेली, हे मात्र ठाण्याच्या एकाही रजिस्टरमध्ये नाही. ती नोंद मी आज इथे करतो आहे.