तीन, पाणी आहे : मेघालयातल्या तीन पायवाटा

मेघालयात पायी फिरायला चाललोय, असं बालीगंजमधल्या आमच्या शेजारच्या बौदींना, म्हणजे वहिनींना, सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पाहाड़े केनो? पुरी जाओ!" डोळे बिघडलेल्या माणसाने पुरीला जावं, बाकावर बसून समुद्र बघावा, डोंगरात तडमडायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच वाटत होतं, म्हणून जास्तच आला.

डोळे माझ्या नवऱ्याचे, मिलिंदचे. काचबिंदू. गार्डन रीचच्या ऑफिसात बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो, त्या गडबडीत त्याने तपासणी पुढे ढकलली, आणि कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. समोरचं नीट दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं गेलंय. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता हे ब्लॉगवर कशाला, तर आमचं लग्नच मुळात डोंगरात जमलंय. पुण्याच्या आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये मिलिंद कायम ‘मागचा’. म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी चालणारा. कुणी मागे राहू नये हे बघायचं त्याने, आणि सगळ्यांचं जादा पाणीही त्याच्याच पाठीवर. दर अर्ध्या तासाला पुढून आकडे म्हणत यायचं. एक, दोन, तीन... आणि शेवटचा आकडा मागच्याचा. त्याने नुसता आकडा नाही म्हणायचा, "बावीस, पाणी आहे" असं म्हणायचं. ते ऐकलं की पुढचे निर्धास्त. या थंडीत ग्रुपचा मोठा ट्रेक आहे आणि मागचा म्हणून मिलिंदनेच यावं, असा त्यांचा निरोप होता. त्याने ठरवलं, आधी मेघालयात तीन दिवसांत तीन वाटा चालायच्या. तिन्ही पुऱ्या झाल्या तर होकार. एकही अर्धवट सुटली तर बूट काढून ठेवायचे, कायमचे.

"आणि तू मला सांभाळून घ्यायचं नाही, मंजू," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं. खोटं बोलले.

कोलकात्याहून गुवाहाटीला विमानाने गेलो आणि तिथून टॅक्सीने वर चढलो. शेअर सुमो स्वस्त पडते, पण पाय आखडून बसावं लागतं आणि वाटेत हवं तिथे थांबता येत नाही. आम्हाला शिलाँगच्या अलीकडे उमियम तलावाशी उतरायचं होतं. तलावाच्या काठी एका घरात खोली मिळाली, स्वच्छ आणि भयंकर गार. जेवायला डाळ, भात आणि कसलीशी आंबूस चटणी, जिची चव मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी तलावाभोवतीच्या टेकड्या. पाईनच्या झाडांतून वर-खाली जाणारी मऊ वाट, खाली निळं पाणी, वाटाड्याची गरज नाही. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. मी पुढे, मिलिंद मागे. मी "एक" म्हणायचं आणि मागून ठणठणीत उत्तर यायचं, "दोन, पाणी आहे!" तीन तासांत फेरी पुरी झाली. माझा जीव भांड्यात पडला. मागे वळून पाहिलं तर त्याच्या कानशिलावरून रक्त येत होतं. बाजूची वाळकी फांदी त्याला दिसलीच नव्हती.

"अरे, सांगायचंस ना!"

"काय सांगायचं? लागलं, असं?"

रात्रीचं जेवण झाल्यावर मिलिंद म्हणाला, "उद्या तू मागे राहा. मला पुढच्याची पाठ दिसली की बरं पडतं." चोवीस वर्षांत तो माझ्यापुढे कधी चालला नव्हता. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं, म्हणून मी उगाच बॅग उपसत बसले.

सोहरा म्हणजे आपण शाळेत शिकलो ते चेरापुंजी. शिलाँगहून गाडीने दोन तास धरा, भाडं आधी ठरवून घ्या. गावापलीकडे चुनखडीचं पठार आहे. पांढुरका, भोकाभोकांचा दगड, पिवळं गवत, आणि टोकाला गेलं की खाली बांगलादेशचा सपाट मुलूख दिसतो, असं वाचलं होतं. तिथे वाटाड्या घ्याच. आमच्याबरोबर काँग रीसा होत्या. काँग म्हणजे ताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायांत रबरी बूट, गालात पान-सुपारी. आकडे म्हणायची आमची पद्धत कळल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की दर दहा मिनिटांनी आपणहूनच ओरडायला लागल्या, "एक!"

"दोन," मिलिंद.

"तीन, पाणी आहे," मी.

ऊन चढलं. जानेवारीतलं ऊन, पण झाड नाही की सावली नाही. दीडेक तासाने एका खडकावर टेकलो. मेथीचे पराठे खाल्ले आणि मिलिंदने हात पुढे केला. "दे."

"काय?"

"पाणी."

पाण्याची पिशवी त्याने सकाळी माझ्यासाठी खोलीच्या दाराशी भरून ठेवली होती. मागचा पाणी घेतो, हे त्याला सांगायचीही गरज वाटली नाही. आणि मी? मी जन्मात पाणी उचललेलं नाही. ते नेहमी मागे असायचंच. ओलांडून आले मी ती पिशवी. आणि वर दीड तास, आरती म्हणावी तसं तोंडपाठ, "पाणी आहे, पाणी आहे" ओरडत होते.

"अरे, मिळेल इथे कुठेतरी," मी म्हणाले. "एवढा पाऊस पडतो इथे." आपल्याकडे गडावर टाक्यात पाणी असतंच, कातळ ते धरून ठेवतो. आम्ही तसल्याच दगडावर वाढलेली माणसं.

काँग रीसांनी मान हलवली. "ऊपर नहीं रहता. पत्थर पी जाता है. सब नीचे." त्यांनी एका भेगेकडे बोट दाखवलं. मिलिंद आडवा झाला, कान दगडाला लावला आणि तसाच पडून राहिला.

"वाजतंय," तो म्हणाला. "चांगलं भरपूर वाजतंय गं."

काँग रीसांकडे अर्धी बाटली लाल, बिनदुधाचा चहा होता, तो तिघांनी घोट घोट घेतला. पुढे दोन तास तरी पाणी नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर मिलिंदच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तो लंगडायला लागला, आणि मी म्हटलं, परत फिरू. त्याने वाद घातला नाही. टोक राहिलं, बांगलादेश राहिला.

खोलीच्या दारात ती पिशवी तशीच उभी होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"ही वाट शर्तीत धरायची नाही," मी म्हणाले. "चूक माझी आहे. तुझ्या डोळ्यांचा काडीचा संबंध नाही."

"माझे डोळे धड असते तर मागे मी असतो."

"मिलिंद, असं नको ना बोलूस."

"तू आकडा म्हणताना एकदा तरी पाठीला हात लावून बघायचंस, मंजू. एवढंच." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते.

चालण्याच्या तिसऱ्या दिवशी लायटलूमची घळ. शिलाँगहून तासाभराचा रस्ता, शेवटचा तुकडा खडबडीत. काँग रीसा आल्याच, पैसे नको म्हणत होत्या, आम्ही बळेच दिले. ही वाट शर्तीत बसत नव्हती, शर्त काल संपली होती. तरी मिलिंदने बूट घातले. मी पाण्याची पिशवी घेतली, खांदे दुखेपर्यंत भरलेली.

कड्याशी पोचलो तर सगळं पांढरं. खाली हजारो फूट दरी आहे म्हणे.

"काय दिसतंय?" मिलिंदने विचारलं.

"काहीच नाही. ढग आहेत."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"अरे, खरंच काही दिसत नाहीये!"

त्याचा विश्वास बसेना. तो काँग रीसांकडे वळला. "दीदी, सच में बादल है?"

त्या खो खो हसल्या. "पूरा बादल! आज भगवान को भी नहीं दिखेगा."

मग तोही हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र हसू आलं नाही. आता माझ्या प्रत्येक शब्दाची अशी दुसऱ्याकडे खात्री करून घेणार का हा, हेच डोक्यात फिरत राहिलं.

दरीतल्या गावाकडे दगडी पायऱ्या उतरतात. अरुंद, ओल्या, प्रत्येकीची उंची वेगळी. तो काँग रीसांच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होता, आणि तरी प्रत्येक पायरीला पाय हवेत थांबत होता, जमीन शोधत. मी मागून ते पाहत होते. त्याने चोवीस वर्षं सगळ्यांच्या पाठी अशाच पाहिल्या असतील, कोण दमलंय, कोण घाबरलंय, कोण सांगत नाहीये. चाळीसेक पायऱ्यांवर तो खाली बसला.

"बास," तो म्हणाला. "आज पाणी आहे, सगळं आहे. तरी बास."

मी शेजारी बसले. पिशवीतलं पाणी प्यालो, मग वर आलो.

कोलकात्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने पुण्याला फोन केला. "दुसरा मागचा बघा," म्हणाला, आणि नव्या माणसाला पाण्याचं वजन कसं वाटून घ्यायचं ते दहा मिनिटं समजावत बसला. बूट पुसून, आत वर्तमानपत्र कोंबून माळ्यावर टाकले. मी टाकू नको म्हणाले नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि कुणाकडे आहे ते हात लावून बघा. आम्हाला दरी दिसली नाही, पठाराचं टोक दिसलं नाही, सलग पाहिला तो फक्त तलाव.

रविवारी आम्ही गडियाहाटच्या बाजारात गेलो. फुटपाथवर दोन्हीकडे दुकानं, मधे माणसांची रेटारेटी. मिलिंद पुढे चालत होता, एका हाताने चाचपत. एका बाईच्या टोपलीला अडखळला, सावरला आणि गर्दीत मधेच थांबला. मागे वळूनही त्या गर्दीत त्याला मी सापडले नसते, म्हणून तो वळला नाही. समोर बघतच मोठ्याने म्हणाला, "एक!"

मासळीवाले बघायला लागले. मी हातातली भाजी खाली ठेवली, खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, बाटली चाचपून पाहिली. भरलेली होती.

"दोन," मी ओरडले. "पाणी आहे."

तो चालायला लागला.